ऊस उभा असेपर्यंत

अप्पांच्या नावावर एक गुंठासुद्धा ऊस नव्हता, पण पाटाच्या दोन्ही अंगांना कुणाचा ऊस कधी तुटणार हे त्यांना कारखान्याच्या माणसांआधी कळायचं. वाटेत कुणी भेटला की रामराम झाल्यावर पहिला प्रश्न तोच. "तुमची तोड कधी?" समोरचा माणूस आजारी असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला असो, नाहीतर नुकताच दहावा उरकून डोकं भादरून आलेला असो, अप्पांना त्याच्या उसाचीच काळजी. मी त्यांच्याकडं भाड्यानं राहायला गेलो त्या दिवशी मलाही विचारलं. मी म्हटलं, "अप्पा, मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. माझा कसला ऊस." तर म्हणाले, "मग घरचा आसंल." माझं घर पारनेर तालुक्यात. तिथं प्यायच्या पाण्याची मारामार, ऊस कुठला हो. पण त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मी मुकाट्यानं "नाही" असं नीट उत्तर दिलं.

देवळाली प्रवरेच्या बाहेर, पाटाला लागून त्यांचं घर. दोन खोल्या त्यांच्या, एक माझी, पुढं ओटा आणि मागच्या दारी संडास. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी श्रीरामपुरात, लग्न होऊन. गाव त्यांना पैलवान म्हणायचं. एके काळी जत्रेच्या फडांत त्यांनी भल्याभल्यांची पाठ मातीला लावली होती म्हणे. मी पाहिलं तेव्हा उंची तेवढी उरली होती. मान, खांदे, मांड्या सगळं आटलेलं, आणि सदरा दुसऱ्या कुणाचा तरी घातल्यासारखा लोंबायचा. कुस्तीत मोडलेले ते गाठाळ कान तेवढे पैलवानाचे राहिले होते.

गावात त्यांच्याबद्दलची मतं ठाम होती. माणूसघाणा, तिरसट आणि वर चिक्कू. ते कुणाच्या लग्नाला जात नसत, पंगतीला बसत नसत, हॉटेलात चहा घेत नसत. एसटीत तर पायच ठेवायचा नाही. कुणी अगदीच हाताला धरून जेवायला ओढलं तर "आज उपास हाय" म्हणायचे, आणि असे उपास त्यांना आठवड्यातून कुठल्याही वारी असायचे. रोज दिवस उजाडायच्या सुमाराला खांद्याला कापडी पिशवी अडकवून निघायचे, ते उन्हं तापेपर्यंत पाटाच्या कडेनं चालत राहायचे. पिशवीत पाण्याची मोठी बाटली, पंचा आणि एक धुतलेला लेंगा. वाट रोजची एकच नाही. आज पाटाच्या वरच्या अंगानं, उद्या खालच्या, परवा भलत्याच कुणाच्या बांधावरून.

एकदा एक बागायतदार पेरूची पाटी घेऊन ओट्यावर आला. त्याचा हिशेब सरळ होता. ज्या अर्थी हा माणूस ऊस नसताना गावभर तोडीच्या चौकशा करत हिंडतो, त्या अर्थी ह्याचा कारखान्यात वशिला असणार. इकडतिकडचं बोलून त्यानं विषय काढला. "अप्पा, आमचा नंबर जरा अलीकडं घेता आला तर बघा की." अप्पांनी पाटीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमचं ते पाटाच्या वळनावरचं रान न्हवं? ते उलट लांबवता येतंय का बघा. संक्रांतीपातूर ऱ्हाऊ द्या उभं." तो माणूस पाटी उचलून चालता झाला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पैलवान लोकांच्या तोडी अडवतोय. दोघं-तिघं तर ओट्यासमोर येऊन शिव्या देऊन गेले. अप्पा आत बसून राहिले आणि त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मी मनात म्हटलं, चांगल्या वेड्याच्या घरी येऊन पडलो.

खरं कारण मला कळलं ते गोळ्यांच्या पाकिटामुळं.

त्याआधी माझं सांगायला हवं. माझ्या मोठ्या आतड्याला सूज आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस असं तिचं भारदस्त नाव. कॉलेजात मी ॲसिडिटी सांगतो. ॲसिडिटी हा सभ्य आजार आहे. चारचौघांत सांगता येतो आणि चारचौघं त्यावर लगेच औषधही सांगतात. पण वर्ग चालू असताना पोटात कळ येते, हातातला खडू टाकून धावावं लागतं, रक्त पडतं, हे कुणाला सांगणार? स्टाफरूममध्ये सांगून बघा एकदा. दुसऱ्या दिवसापासून डबा खाताना तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी. तेव्हा मीही गप्पच होतो, आणि माणूसघाणा म्हणून माझंही बऱ्यापैकी नाव व्हायला लागलं होतं.

तर एका रविवारी सकाळी अप्पा माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात माझ्या कचऱ्यातलं गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"मास्तर, ह्या गोळ्या तुमच्या?"

"हो. पित्ताच्या."

"ह्या पित्ताच्या न्हाईत."

त्यांनी बंडीच्या खिशातून तसलंच पाकीट काढलं, अर्धं संपलेलं, आणि दोन्ही पाकिटं माझ्या डोळ्यांसमोर शेजारी शेजारी धरली. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं,

"किती येळा?"

आयुष्यात इतक्या आपुलकीनं मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"रगत?"

"सध्या नाही."

"माजं बी सध्या न्हाई," असं म्हणून ते उंबऱ्यावरच बसले आणि त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, ऊन लागलं असेल डोळ्याला. पण दार पश्चिमेला होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर चालायला जाऊ लागलो. तोडीचं कोडंही त्याच सकाळी सुटलं. पाटावरून चालताना अप्पा अधूनमधून थांबायचे, उजव्या-डाव्या अंगाला बघायचे आणि पुढं निघायचे. मी विचारलं तर म्हणाले, "आडोसा बघतो. मोकळ्या रानात मानूस उगडा पडतो. उसात शिरलं की कुनी इचारत न्हाई, कुनाला दिसत न्हाई. ऊस उभा हाय तंवर आपन राजं. तोड आली की संपलं." म्हणजे हा माणूस साऱ्या शिवाराची तोड विचारत फिरत होता ती ह्यासाठी. उद्या कुठल्या वाटेनं चालता येईल, एवढंच त्याला हवं होतं. मला हसू आलं, ते मी दाबलं. अप्पा मात्र हसले. "हसा की. तुमच्याबिगर कुनाला हसायला सांगू?"

चालणं हे त्यांचं औषधाइतकंच ठाम व्रत होतं. नगरच्या पोटाच्या डॉक्टरांनी ते सांगितलं होतं. पुढं आम्ही त्या डॉक्टरांकडं एकाच दिवशी जायला लागलो. अप्पांची जाण्याची तऱ्हा ठरलेली. आदल्या दुपारपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि ओळखीच्या टेम्पोत मागं, मोकळ्या हौद्यात. डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, "सूज शांत आहे तोवर रोज चाला, झेपेल इतकंच. त्यानं थकवा कमी होतो, हाडं टिकतात, मन थाऱ्यावर राहतं. आतली सूजही काहींची जरा आवाक्यात राहते असं दिसतं, पण तेवढ्यावर विसंबून गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि सूज उफाळली की आराम. तेव्हा अंगाला ताण द्यायचा नाही." अप्पांनी परत येताना हौद्यात बसून ते मला पैलवानी भाषेत समजावलं. "सुजेसंगं कुस्ती धरायची न्हाई, मास्तर. तिला खेळवत ठेवायची. चीत करायला गेला की तीच तुमाला उचलून आपटती."

हे शहाणपण त्यांना फार उशिरा आलं होतं. तालमीत असतानाच पहिल्यांदा रक्त पडलं. वस्तादाला सांगायची सोय नाही, कारण पोट बिघडलेला पैलवान फडात कोण उतरवणार? ताकद कमी पडते म्हणून ह्यांनी खुराक वाढवला. जास्त दूध, जास्त तूप, जास्त बदाम, आणि त्यावर जास्त जोर-बैठका. जितकं दूध वाढलं तितकं पोट बिघडलं, आणि जितकं पोट बिघडलं तितक्या बैठका वाढल्या. मग कुणीतरी मूळव्याध सांगितली. मूळव्याधीवर जडीबुटी झाली, क्षार लावून झाला, एका बाबाचा काढा झाला. शेवटी त्यांना बायकोनं टेम्पोत घालून नगरला नेलं तेव्हा खरं नाव कळलं. तोवर कुस्ती कधीच सुटली होती. गाव म्हणालं, पैलवानाला बायकोनं वाळवला.

एका पावसाळ्यानंतरची गोष्ट. स्वच्छतेच्या पथकाची माणसं पहाटे पाटावर येऊन थांबायची आणि उघड्यावर बसणाऱ्यांना गुलाबाचं फूल देऊन लाजवायची. अप्पा उसातून बाहेर आले तर समोर ही मंडळी. ज्याच्या मागच्या दारी टाइल्स बसवलेला संडास आहे, त्या माणसाच्या हातात त्यांनी फूल दिलं, टाळ्या वाजवल्या, एकानं मोबाईलवर फोटो काढला. मी मागून येत होतो. मला वाटलं, आता अप्पा कुणाच्या तरी कानाखाली काढणार. त्यांनी फूल घेतलं, "बरं" म्हणाले आणि चालू लागले. घरी येऊन ते बायकोच्या फोटोला खोचलं. "गुलाब लई आवडायचा तिला," म्हणाले. दिवसभर मग त्यांनी दार उघडलं नाही.

आता त्यांच्या मुलीचं सांगतो, कारण अप्पांच्या जिवाला लागलेलं असं तेवढंच होतं.

ती नर्सिंग शिकायला श्रीरामपूरला होती. तिथं तिचं एका ख्रिश्चन मुलाशी जमलं. शाळामास्तर, चांगला मुलगा. भावकीनं आकाशपाताळ एक केलं. अप्पांनी मात्र पोरीला फोनवर एवढंच विचारलं, "तुला बरं वाटतंय न्हवं? मग कर." लग्नाला जायचं म्हणून नवा फेटा आणला, कोट शिवला. आणि लग्नाच्या दिवशी पहाटेपासून पोटानं दगा दिला. रक्त थांबेना, संडासातून बाहेर पाय टाकता येईना. दुपारी तिचा फोन आला. अप्पांनी उचलला आणि म्हणाले, "म्या येत न्हाई." बस्स. कारण विचारलं तर फोन ठेवून दिला.

तिनं जो अर्थ काढायचा तो काढला. भावकीनंही तोच काढला. दुसऱ्या दिवशी भावकीतले चौघं ओट्यावर येऊन म्हणाले, "पैलवान, बाणा राखलात." ज्या लोकांनी पोरीला जिवंतपणी मेली म्हटलं, ते अप्पांना नारळ आणि टोपी देऊन गेले. अप्पांनी ती टोपी कधी डोक्यावर घातली नाही. पण परतही केली नाही.

मी चिडायचो. "अहो, सांगून टाका तिला. नर्स आहे ती. तिला काय नवीन आहे ह्यात?"

"न्हाई."

"का पण?"

"बाप कडक हाय म्हनून रडंल, तर रडू द्या. कडक बाप आसत्यात. बाप घान हाय म्हनून तिनं कशाला रडावं?"

मी पुन्हा कधीतरी विषय काढायचो. नगरला जसं उपाशीपोटी जाता तसं तिच्याकडं जाऊन या म्हणायचो. तर म्हणायचे, "डाक्टर जेवा म्हनत न्हाई. लेक म्हनंल. आन न जेवता उठलो तर तिच्या सासरला काय वाटंल? ख्रिश्चनाच्या घरचं बापाला चालत न्हाई, हेच न्हवं?" खरंच होतं ते. जेवले तर पोटाची भीती, नाही जेवले तर जातीचा ठपका. दोन्हीकडून बिचारा अडकलेला. मोठ्या माणसांसाठी डायपर मिळतात असं मी एकदा भीत भीत सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी तो शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही. वर त्यांनी गळ्याची शपथ घातली, पोरीला काही कळता कामा नये.

त्या हिवाळ्यात तिचा फोन आला. तिला मुलगी झाली होती आणि बाळाचा बाप्तिस्मा होता. फोन स्पीकरवर होता, त्यामुळं मीही ऐकलं. ती म्हणाली, "अप्पा, शेवटचं बोलावते. नाही आलात तर पुन्हा फोन करणार नाही. रागानं म्हणत नाही, थकले मी." अप्पा म्हणाले, "येतो."

फोन ठेवल्यावर ते लहान पोरासारखे खूश होते. बेत तिथल्या तिथं तयार. चालत जायचं. देवळालीहून श्रीरामपूर चालत म्हणजे एक सकाळ. आदल्या दिवसापासून खायचं नाही. तिथं पोचायचं, चर्चमध्ये दाराशी बसायचं, पोरीच्या हातचं पोटभर जेवायचं आणि ताटावरून उठलं की लगेच निघायचं. "पोटाला कळायच्या आत उसात," म्हणाले. कुठून कुठपर्यंत कुणाचा ऊस उभा आहे हे त्यांनी आठवडाभर हिंडून पक्कं केलं. नदीच्या पुलापर्यंत सलग आडोसा होता, आणि पुलापलीकडंही दोन मोठे फड उभे होते. मी मोटारसायकलवर सोडतो म्हटलं, तर मोठ्या रस्त्याला आडोसा नाही म्हणून तेही नको.

आणि मग त्यांनी ती चूक केली. सूज आधीच हळूहळू उफाळत होती. मला त्यांनी कळू दिलं नाही, पण मागच्या दाराची कडी दिवसातून किती वेळा वाजते ते भिंतीपलीकडं ऐकू यायचंच. एका सकाळी दार ढकललं तर अप्पा लांग कसून बैठका काढत होते. तोंड राखेसारखं, अंगावर घामाच्या धारा, भिंतीचा आधार घेऊन उठत होते आणि पुन्हा बसत होते.

"हे काय चाललंय? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तुम्हीच मला सांगत होता ना, तिच्याशी कुस्ती धरायची नाही म्हणून?"

"रोजच्यासाटी न्हाई. एका दिसासाटी धरावी लागती, मास्तर. तिला एकडाव दाबली की तेवढा दिस निगून जाईल."

"रक्त आहे?"

"न्हाई," ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं नाही.

मी भांडलो, हातापाया पडलो. डॉक्टरांना फोन लावून दिला, तर त्यांच्यापुढंही "समदं बेस हाय" म्हणून मोकळे. चाळीस वर्षांपूर्वी तालमीत जे केलं तेच पुन्हा. अशक्त वाटलं की बैठका वाढवायच्या. दुसरं काही त्यांच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला होता की दोन दिवस मी बोललो नाही. पण बाप्तिस्म्याच्या रविवारी त्यांना एकटं कसं सोडणार? उजाडता उजाडता दोघं निघालो. नवा कोट, फेटा, खांद्याला पिशवी. नातीसाठी चांदीचे वाळे कोटाच्या आतल्या खिशात.

पुलाच्या अलीकडं वळण घेतलं आणि अप्पा थांबले. समोरचं सगळं रान मोकळं. ज्या फडाची तोड पुढच्या आठवड्यात होती, तिथं तोडणीची टोळी आदल्याच दिवशी येऊन पडली होती. निम्मा फड आडवा झालेला, उरलेल्यात कोयते चाललेले. गाड्या, बैलं, मोळ्या बांधणाऱ्या बाया, चुलीवर भाकरी, सगळीकडं माणसंच माणसं. अप्पांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग माझा दंड धरला. त्या पकडीवरून मला कळलं.

आम्ही मागं वळलो, पण तेवढा वेळ नव्हता. नव्या कोटातच ते बांधावर खाली बसले.

मोळ्या बांधणारी एक बाई आमच्याकडं बघत होती. पाथर्डीकडची असावी. तिनं काही विचारलं नाही. बाकीच्या बायांना हाक मारली आणि त्या तिघी-चौघींनी उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे भारे आणून आमच्याभोवती उभे केले. पाण्याची कळशी आणून ठेवली आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "धुवा बाबाला सावकाश," ती म्हणाली, "आमचं त रोजचंच हाये. कुठं जागा ऱ्हाती आमाला." मी अप्पांना धुतलं, पिशवीतला लेंगा नेसवला. रक्त बरंच होतं. अप्पा एवढंच म्हणाले, "मास्तर, किती वाजलं?" मी खोटं सांगितलं, अजून वेळ आहे म्हणून. त्यांनी मान हलवली. "घरी चला."

ऊसतोडीच्या बैलगाडीतून त्यांना घरी आणलं आणि त्याच दुपारी नगरच्या दवाखान्यात. पोट टम्म फुगलेलं, ताप चढलेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आतडं काढावं लागेल, सहीला जवळचं माणूस बोलवा.

ती आली. बापाचाच बांधा, बापासारखीच सरळ चाल. व्हरांड्यात मला म्हणाली, "बाप्तिस्म्याला यायला जमलं नाही. सहीला मात्र मी लागते."

मी शपथ तिथल्या तिथं मोडली. सगळं सांगितलं. गोळ्या, ऊस, टेम्पो, कोट, बांध. शेवटी तिनं विचारलं, "लग्नाच्या दिवशीपण?"

"लग्नाच्या दिवशीपण."

ती बाकावर बसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडं दोन संडास आहेत हो, सर. एक आत, एक मागच्या दारी. एवढंच विचारायचं होतं त्यांनी."

आणि मग ती रडली. मीही रडलो. एवढी वर्षं भांडण भांडण म्हणून जे होतं, ते कुणाचं कुणाशी नव्हतंच.

हल्ली मी पाटावर एकटाच चालतो. प्रकृती बरी आहे. पण कळ येऊन गेल्यावर "किती येळा?" असं विचारणारं आता कुणी नाही, आणि अप्पांची फार आठवण येते. आठवण येते ती बहुतेक दवाखान्यातल्या त्या संध्याकाळचीच.

ती आत गेली, खाटेच्या कडेला बसली आणि जे मला म्हणाली तेच त्यांना म्हणाली. लेकीच्या तोंडून तो शब्द ऐकल्याबरोबर अप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याआधी माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात राग होता. मी खाली मान घातली. ती हलली नाही. त्यांचा हात हातात धरून बसून राहिली. मग भिंतीकडं तोंड ठेवूनच अप्पांनी विचारलं,

"मागच्या दारी म्हंजी, कुठल्या अंगाला?"

तिनं डोळे पुसले. "सांगते. गल्लीतून आलं की निळं फाटक आहे आपलं. आत दोन पायऱ्या."

"उच्या हायेत का?"

"नाहीत. मग बैठकीची खोली. डाव्या हाताला खिडकी, तिथं ऊन येतं. तिच्यामागं स्वयंपाकघर. त्याला लागून तुमची खोली."

"माजी?"

"तुमचीच. रिकामीच आहे ती. तुमच्या खाटेवरून उठलं की समोर दार, आणि दार उघडलं की तिथंच."

"कडी आतनं लागती?"

"लागते."

"आन नात कुटं निजती?"

"तुमच्या शेजारच्या खोलीत. रडली की ऐकू येईल तुम्हाला."

अप्पांनी डोळे मिटले होते. ती सांगत होती, ते मध्येच एखादं दार कुठं उघडतं ते विचारत होते, पुन्हा मागं येत होते, खिडकीपाशी थांबत होते. त्यांना न्यायला माणसं आली तेव्हा ते स्वयंपाकघरात होते. ती म्हणाली, "आल्यावर पुढचं सांगते."

ऑपरेशननंतर ताप उतरला नाही. अप्पांनी ते घर तेवढंच पाहिलं.